वळण आणि वठणी : घरच्या कुत्र्याचा थोडा इतिहास

कुत्रा हा काही इतिहासाच्या प्राध्यापकाने घेण्याचा विषय नव्हे, असे माझ्या एका सहकाऱ्याचे मत पडले. "सनावळीत कुत्रा कुठे बसवणार?" असे त्यांनी मला विचारले. प्रश्न वाजवी आहे. पण सनावळी सुरू होण्याच्या हजारो वर्षे आधी कुत्रा माणसाच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. गाय, मेंढी, घोडा हे सारे मागाहून आले. शेतीसुद्धा मागाहून आली. आपण शेतकरी होण्यापूर्वी, भटके शिकारी होतो तेव्हापासून आपल्याला पाहत आलेला हा एकच घरगुती प्राणी. त्याने आपल्याविषयी काही लिहून ठेवले असते तर आम्हां इतिहासवाल्यांची मोठीच सोय झाली असती. त्याने लिहिले नाही. त्याच्याविषयी माणसाने जे लिहिले, तेवढ्यावरच आपल्याला भागवले पाहिजे.

आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार आहेत. मुलाला आपण 'वळण लावतो', आणि ते हाताबाहेर गेले की त्याला 'वठणीवर आणतो'. अक्षराला वळण असते, पाटाच्या पाण्याला वळण द्यावे लागते. त्याला दिवस लागतात आणि लावणाऱ्यालाही जरा वाकावे लागते. वठणीवर आणण्याचे काम मात्र एका दुपारीत उरकते, निदान उरकल्यासारखे वाटते. कुत्र्याच्या बाबतीत तर आपण तिसरीही एक सोय करून ठेवली आहे: त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहणार, अशी म्हण करून प्रश्नच निकालात काढला आहे! घरच्या कुत्र्याचा इतिहास मला तरी या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा इतिहास वाटतो. आणि तो मी ग्रंथालयात बसून शोधायला निघालो नाही, घरात घडलेल्या एका गोष्टीमुळे निघालो. ती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या मुलीने जिन्याखाली सापडलेले एक पिल्लू उचलून वर आणले. जात विचाराल तर शुद्ध गावठी. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. नाव मोती ठेवले, कारण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत निम्म्या कुत्र्यांचे नाव मोती असे आणि उरलेल्यांचे वाघ्या. वर्षभर सगळे ठीक होते. मग एके दिवशी स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा खाली पडला, मोतीने तो पायाखाली धरला, आई तो उचलायला वाकली आणि मोती गुरगुरला.

शेजारी एक सद्गृहस्थ राहतात. कुत्र्यांचा त्यांना अनुभव आहे, असे ते स्वतः सांगतात. ते म्हणाले, "प्राध्यापक, त्याला वाटतंय की घराचा कर्ता तोच आहे. लांडग्याची जात ही. एकदा पाठीवर पाडा, गळ्याशी दाबून धरा, आणि तो ढिला पडेपर्यंत सोडू नका. पुन्हा म्हणून गुरगुरणार नाही." मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो, विधान ऐकले की पुरावा मागा. त्या दिवशी मी पुरावा मागितला नाही. मोतीला पाडले आणि धरले. पुढे पंधरा दिवस, तो जरा कुठे गुरगुरला की वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या पाठीत हाणीत असे. शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. मोतीने गुरगुरणे सोडले. आणि तिसऱ्या आठवड्यात, जराही आवाज न करता, त्याने आईच्या हाताला दात लावला.

जखम मोठी नव्हती, पण कातडी फुटली होती. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतला, डॉक्टरांकडे गेलो, इंजेक्शनांचा क्रम सुरू झाला. रात्री पत्नी म्हणाली, "अहो, आता याला गावी पाठवा. मला भीती वाटते." मुलगी रडत होती. आई मात्र हाताला पट्टी बांधून शांत बसली होती. ती म्हणाली, "अरे, तो आधी सांगत होता, जवळ येऊ नका म्हणून. तू त्याचं तोंड बंद केलंस."

त्यानंतर मी पुस्तकांकडे वळलो. ज्या विधानाचा पुरावा आधी मागायला हवा होता, तो उशिराने शोधू लागलो.

पहिला पुरावा घरातच होता. महाभारत आपण सगळे वाचतो, निदान वाचले आहे असे समजतो. शेवटी युधिष्ठिराच्या मागून कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत जातो आणि त्याला सोडून रथात बसायला धर्मराज नकार देतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण आदिपर्वाच्या प्रारंभीही एक कुत्रा आहे, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत बसला असता सरमेचा मुलगा, म्हणजे देवांच्या कुत्रीचा बच्चा, तिथे येतो. जनमेजयाचे तिघे भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही. मग सरमा यज्ञात जाऊन सरळ प्रश्न करते: माझ्या मुलाला का मारले? भाऊ गप्प राहतात. त्यांच्याकडे उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की, निरपराध्याला मारलेत, तर ज्याची कल्पनाही नाही असे भय तुमच्यावर येईल. कुळाचा संहार सांगणाऱ्या या प्रचंड ग्रंथाच्या उंबऱ्यावरच एका कुत्रीने न्याय मागितलेला आहे, आणि राजघराणे निरुत्तर झालेले आहे. मी ही गोष्ट पूर्वीही वाचली होती. या खेपेला ती वाचताना आईच्या हाताची पट्टी डोळ्यांसमोर होती.

दुसरा पुरावा दुरून आला. अलेक्झांडर आणि पोरस यांच्या लढाईचे जे वर्णन आपण शाळेत शिकलो, ते बरेचसे अ‍ॅरियन नावाच्या ग्रीक लेखकाच्या ग्रंथावरून आलेले आहे. हा गृहस्थ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. रोमन बादशहा हेड्रियन याच्या वतीने त्याने कॅपाडोशिया प्रांताचा कारभार पाहिला. हिंदुस्थानावर त्याचे एक छोटे पुस्तकही आहे, म्हणून आमच्या अभ्यासक्रमात त्याला जागा मिळते. पण त्याने शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिले, हे मला ठाऊक नव्हते. त्याच्या पाचशे वर्षे आधी झेनोफनने याच विषयावर लिहिले होते. कुत्र्यांची नावे हाक मारायला सोपी, आखूड असावीत असा सल्ला देऊन त्याने चाळिसांवर नावांची यादीच दिली होती. (आपल्या मोत्या, टिप्या, खंड्यांना झेनोफनने पसंती दिली असती.) अ‍ॅरियनने त्यात भर घातली ती स्वतःच्या कुत्रीची. तिचे नाव होर्मे. ग्रीक भाषेत याचा अर्थ आवेग, झेप.

होर्मेविषयी हा प्रांताधिपती जे लिहितो ते वाचून माणसाने थक्क व्हावे. ती त्याच्याबरोबर व्यायामशाळेत जाते, तो व्यायाम करीत असता शेजारी बसते, आणि परतताना पुढे चालते. मात्र वरचेवर मागे वळून पाहते की, धनी वाट सोडून भलतीकडे तर गेला नाही ना. वेगवेगळ्या गोष्टी मागायला तिचे वेगवेगळे आवाज आहेत. आणि मग तो एक गोष्ट सहज सांगून जातो. पिल्लू असताना तिला चाबकाने मारलेले होते. आजही कोणी चाबकाचा नुसता उल्लेख केला, तर ती त्या बोलणाऱ्याकडे जाते, अंग आकसून विनवते, तोंडाजवळ तोंड नेते, उडी मारून गळ्याला बिलगते, आणि तो रागावलेला माणूस शांत होईपर्यंत सोडत नाही.

अठराशे वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. अ‍ॅरियन तिचा वेगळा अर्थ लावीत बसत नाही, उपदेशही करीत नाही. पण याच पुस्तकात तो सांगतो की कुत्र्याने काम चांगले केले तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवा, नाव घेऊन शाबासकी द्या, कारण कौतुकाचा आनंद माणसाइतकाच त्यालाही होतो. आणि कुत्र्याला निजायला मऊ, ऊबदार जागा हवी. माणसाजवळ निजला तर सर्वांत उत्तम. मी हे पान पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान. पण आपल्या गादीवर नाही."

आता आपल्याकडे येऊ. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या गावांतला कुत्रा घरातला नव्हता, दारातला होता. ओसरी, पायरी, अंगण, गोठा ही त्याची हद्द. उंबऱ्याच्या आत त्याला मज्जाव. त्याच्याशी बोलायला आपल्याला तीन शब्द पुरत: बोलवायला 'यू यू', हाकलायला 'हाड्', आणि कोणाच्या अंगावर सोडायला 'छू'. 'बस', 'थांब', 'सोड' असे आपण त्याला म्हणत नव्हतो, कारण म्हणण्याचा प्रसंगच येत नव्हता. त्याला कंटाळा आला तर तो वेशीपर्यंत जाऊन येई. पोरांनी छळले तर उठून दुसऱ्या आळीला जाई. शिळ्या भाकरीचा तुकडा अंगणात टाकला जाई आणि खाताना कोणी त्याच्या तोंडाशी हात नेत नसे. आपण त्याला वळण लावले असे म्हणता येणार नाही. त्याला निघून जायला जागा होती, एवढेच. काठी होतीच, तिचा वापर नव्हता असे मी मुळीच म्हणणार नाही. पण काठी उगारली तर पळायला अंगण होते.

राजेलोकांचे कुत्रे निराळे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांचाही विनोद आहे. आणि लाडाचे टोक पाहायचे तर साताऱ्याला शाहू छत्रपतींकडे जावे लागेल. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की, शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला शाहूंनी जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. (रायगडच्या वाघ्याची आठवण वाचकांना इथे होईल. पण त्याला समकालीन कागदांत आधार मिळत नाही, म्हणून मी त्याला या लेखात आणत नाही.)

दारातला कुत्रा घरात कसा आला, याचे उत्तर बरेचसे शहरांत आहे, आणि त्यातला एक प्रसंग मुंबईचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा इलाज नव्हता. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ साली, आणि आपल्या देशात कसौलीची पाश्चर संस्था निघाली ती १९०० साली. तेव्हा मुंबई सरकारने भटकी कुत्री मारण्याचा मार्ग धरला, आणि मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. शिपायांनी साहजिकच कुत्र्यांच्या मालकीची फारशी चौकशी केली नाही. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी मंडळी या शिपायांवर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले, कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडला, आणि शेवटी सरकारला सैन्य बोलवावे लागले.

पारशांनाच एवढा राग का आला, हे समजायला त्यांच्या वेंदिदादाकडे पाहावे लागते. त्याच्या तेराव्या प्रकरणात, घरच्या कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्याला आणि मेंढपाळाच्या कुत्र्याला जखमी करणाऱ्याला शिक्षा सांगितलेल्या आहेत. मला अधिक महत्त्वाचा वाटला तो एक व्यवहारी प्रश्न: घरचा कुत्रा पिसाळला, किंवा न भुंकता चावू लागला, तर काय करावे? उत्तर असे की, त्याच्या गळ्यात लाकडाचे जोखड घालून बांधून ठेवावे. आणि त्याचे भान हरपले असेल तर आपल्या धर्मबांधवाला औषध देऊ तसे त्यालाही द्यावे. न भुंकता चावणारा कुत्रा! इतक्या जुन्या काळी कोणीतरी हा प्रकार वेगळा काढून त्याची नोंद केली होती. भुंकणारा कुत्रा चावत नाही असे आपण म्हणतो. न भुंकणाऱ्याविषयी मात्र म्हण केली नाही.

मुंबईच्या त्या दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेट यांच्या घराण्याच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. भटक्या कुत्र्यांना तिथे आसरा मिळाला. पण शहरात एक नवी विभागणी पक्की होत गेली. कुत्रा एक तर कोणाच्या तरी मालकीचा, पट्टा घातलेला असला पाहिजे; नाहीतर तो बेवारशी. गल्लीचा कुत्रा ही मधली जागा हळूहळू आखडत गेली. ज्याला कुत्रा हवा त्याने तो दाराच्या आत घ्यावा, असे झाले. साहेबाच्या बंगल्यातला कुत्रा आत होताच. मग वकील, डॉक्टर, संस्थानिक यांचे कुत्रे आत आले, आणि आज तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा मोती आहे. त्याला ना वेस आहे, ना दुसरी आळी. जो प्राणी नको असेल तेव्हा उठून जात असे, तो आता उठून जाऊ शकत नाही. मग तो दुसरे काय करणार? गुरगुरणार.

दाराच्या आत आलेल्या कुत्र्याला वागवायचे कसे, याचे शास्त्र यंत्रयुगाने केले, आणि दुर्दैवाने ते आधी पोलिसांनी आणि लष्कराने केले. कोन्राड मोस्ट हा जर्मन अधिकारी विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोलिसी कुत्रे तयार करीत असे. त्याचे पुस्तक १९१० साली निघाले आणि पुढे कित्येक दशके कुत्रे शिकवणारे त्यावर पोसले. माणूस हुशार होता. कुत्रा माणसासारखा विचार करीत नाही, त्याला वेळच्या वेळी झालेला परिणाम कळतो, हे त्याने ओळखले होते. पण त्याच्या पद्धतीत काठी आणि काट्यांचा पट्टा यांना मोठी जागा होती. युद्धातून परतलेल्या शिक्षकांनी तीच पद्धत घरोघर नेली. बंदूक वाहणाऱ्या शिपायासाठी केलेले वळण पोराबाळांच्या घरात आले.

आता शेजाऱ्यांच्या 'कर्त्या'कडे येतो. हे विधान मी मागे मागे नेत गेलो, तो जाऊन पोहोचलो स्वित्झर्लंडातल्या बाझेल शहरी, तिथल्या प्राणिसंग्रहालयात. रुडोल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने तिथल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली एक निबंध लिहिला. कुंपणात कोंडलेले लांडगे आपसांत सारखे भांडत, आणि शेवटी एक नर व एक मादी इतरांवर वर्चस्व मिळवीत, असे त्याला दिसले. निरीक्षण चुकीचे नव्हते. फक्त ते कोंडलेल्या लांडग्यांचे होते. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली लांडग्यांवर मोठे पुस्तक लिहिले, त्यात ही कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. पुढे १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्केट मठाच्या साधूंनी कुत्रे वाढवण्यावर एक लोकप्रिय पुस्तक लिहिले. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरण्याचा प्रकार त्यात होता. साधूंच्या मठातून तो दिवाणखान्यांत गेला, तिथून दूरचित्रवाणीवर, आणि तिथून आमच्या जिन्यात.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. मेकने १९८६ पासून कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमध्ये काढले. तिथे त्याला सिंहासनासाठी झगडणारी टोळी दिसली नाही. दिसले ते कुटुंब: आई, बाप, आणि त्यांची दोन-तीन वर्षांची पिल्ले. बाप पुढे असतो तो लढाई जिंकून नव्हे, बाप आहे म्हणून. १९९९ साली मेकने तसे जाहीर लिहिले, आणि पुढे आपले ते जुने पुस्तक आता छापू नका, अशी विनंती प्रकाशकांना केली. न्यू स्केटच्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत पाठीवर पाडण्याचा सल्ला मागे घेतला. आपलेच गाजलेले विधान खोडण्याचे धैर्य आमच्या इतिहासाच्या धंद्यात किती जणांना होते, हे मी सांगत नाही. पण चूक आधी निघते आणि दुरुस्ती मागून, आणि दुरुस्ती बहुधा जिन्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हेच. गल्लीतला कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उकिरड्यावर जगला आहे, हरणाच्या शिकारीवर नव्हे.

वळणाचा धागाही त्याच काळात चालू होता, पण त्याचा गाजावाजा कमी झाला. पावलोवची लाळ आणि घंटा सर्वांना माहीत असतात, तेव्हा तिथे रेंगाळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एका मासिकात, घरच्या घरी जनावराला कसे शिकवावे यावर सोपा लेख लिहिला. हातात टिकटिक वाजणारे एक छोटे खेळणे घ्यावे, कुत्र्याने हवे ते केले की त्या क्षणी ते वाजवावे आणि मग खाऊ द्यावा. त्याचे शिष्य केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्याने तर त्याआधीच, १९४७ साली, काठीशिवाय जनावरे शिकवण्याचा व्यवसाय थाटला होता. ज्या साली बाझेलचा निबंध निघाला त्याच सालची ही गोष्ट. दोन्ही वाटा एकाच वर्षी उघड्या होत्या, आणि घरोघरी आधी पोहोचली ती लांडग्याची.

आणखी एक शोध सांगतो, कारण त्याने माझ्या मनातली गावची आठवण उलगडली. अमेरिकेतल्या बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे वाढवून १९६५ साली निष्कर्ष छापले. तिथेच झालेल्या एका प्रयोगात पिल्ले कुंपणात, माणसाच्या सहवासावाचून वाढवली होती. काहींना मध्ये एखादा आठवडा माणसांत आणले, काहींना चौदा आठवडे अजिबात आणले नाही. ही शेवटची पिल्ले पुढे माणसाला रानटी जनावरासारखी बुजत राहिली. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहील ते त्याला आपले वाटते. मग ती खिडकी मिटू लागते. आमच्या गावी गोठ्यात व्यालेल्या कुत्रीची पिल्ले या काळात काय काय पाहत! बैल, कोंबड्या, रांगती पोरे, टपालवाला, पखवाज, लग्नाची वरात. कोणी काही शिकवले नाही, पण सगळे शिकून झाले. फ्लॅटमधले पिल्लू मात्र लशी पुऱ्या होईपर्यंत चार भिंतींत राहते आणि नंतर स्कूटरला भिते. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी साधा उपाय सांगितला: जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन रोज बाजार दाखवा. मोतीच्या वेळी आम्हाला हे ठाऊक नव्हते.

मग मोतीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो गावी गेला नाही. डॉक्टरांनी आधी त्याचे दात आणि कान तपासले, कारण दुखणारा कुत्रा चिडका होतो. दुखणे निघाले नाही. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्याचे ताट स्वयंपाकघरातून काढून मागच्या गॅलरीत नेले, आणि तो खाताना तिकडे कोणी फिरकायचे नाही असे ठरले. खाली पडलेला तुकडा त्याच्याकडून ओढून घ्यायचा नाही; काही सोडवायचेच असेल तर त्याहून चांगले काही दुरून टाकायचे. आणि तो गुरगुरला तर रागवायचे नाही, मागे सरायचे, आणि तो का गुरगुरला ते पाहायचे. ही तिसरी गोष्ट मला फार जड गेली. गुरगुरणाऱ्यापुढे बापाने माघार घ्यावी, हे आमच्या वाड्यातल्या शिस्तीत बसणारे नव्हते.

आईने मात्र ते सहज केले. रोज सकाळी ती त्याच्या ताटापासून चार पावलांवरून जाई आणि जाता जाता शेंगदाण्याएवढा खोबऱ्याचा तुकडा ताटात टाकी. पुढच्या महिन्यात तीन पावलांवरून. डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच तिने ते सुरू केले होते. मी तिला विचारले, हे कुठे वाचलेस? ती म्हणाली, "वाचायचं काय त्यात? मारकुट्या म्हशीला आम्ही असंच दुधाला बसवत होतो." दिवाळीपर्यंत ती ताटाशेजारून जाऊ लागली आणि मोती मान वर करून शेपूट हलवू लागला. अजूनही घरी पाहुण्यांची लहान मुले आली की त्याला गॅलरीत ठेवतो आणि दार लावून घेतो. त्यात कमीपणा आहे असे आता मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. सकाळी वर्तमानपत्र येते, मी ते वाचतो, आणि वाचून झाल्यावर सवयीने त्याची सुरळी करू लागतो. त्या आवाजाने मोती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून उठतो. पळत नाही. पोट जमिनीला घासत माझ्याकडे येतो, माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवतो आणि वर पाहत राहतो. दोन वर्षे होऊन गेली, मी त्याला पुन्हा कधी मारलेले नाही. अ‍ॅरियनचे ते पान मला त्या वेळी पाठ असल्यासारखे आठवते. हल्ली मी वर्तमानपत्र जेवणाच्या टेबलावर पूर्ण पसरून वाचतो आणि पसरलेलेच ठेवतो. टेबल अडते, म्हणून पत्नीची रोज कुरकुर असते.